काळ्या शाईतून राखाडी येतो कुठून?

भर दुपारी उन्हात कोळशाचा एक तुकडा ठेवला आणि घरात दिव्याखाली कोरा पांढरा कागद ठेवला, तर दोन्हींपैकी जास्त प्रकाश कोण परत पाठवतं? कोळसा. कडक ऊन म्हणजे साधारण १ लाख लक्स उजेड (लक्स हे उजेड मोजायचं एकक), घरातला दिवा म्हणजे ३०० ते ५०० लक्स. कोळसा अंगावर पडलेल्या उजेडापैकी शंभरातला चार-पाच भागच परत पाठवतो आणि कागद जवळजवळ नव्वद भाग. तरी हिशोब मांडला तर उन्हातला कोळसा घरातल्या कागदापेक्षा दहापट उजळ निघतो. आपल्याला मात्र कोळसा काळाच दिसतो आणि कागद पांढराच.

याचं कारण असं की डोळा उजेड मोजत बसत नाही, तो शेजारच्या गोष्टीशी तुलना करतो. एखादी वस्तू किती उजळ आहे, यापेक्षा ती आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा उजळ आहे की गडद, हे त्याला आधी कळतं. कृष्णधवल चित्र, छापचित्र (म्हणजे ठोकळ्यावर किंवा पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र) आणि फोटो या तिघांचा सगळा कारभार डोळ्याच्या या एका सवयीवर चालतो. ही सवय लक्षात आली की तिन्ही माध्यमांतल्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

आधी कलाकाराच्या हातात किती भांडवल असतं ते पाहू. कागदावर सगळ्यात उजळ गोष्ट म्हणजे कोरा कागद. त्याहून उजळ काहीच करता येत नाही. सूर्य काढायचा असला तरी हाच कागद, उन्हातली चुन्याची भिंत काढायची असली तरी हाच. दुसऱ्या टोकाला कोळसा किंवा शाई. पण तीही पूर्ण काळी नसते, तिच्यावरूनही थोडा उजेड परत येतोच. म्हणजे साध्या कागदावरचा पांढरा हा काळ्याच्या वीस ते तीसपट उजळ असतो. चकचकीत फोटो पेपरवर हे प्रमाण शंभरपटीच्या आसपास जातं. बाहेरच्या जगात मात्र उन्हातला पांढरा कपडा आणि सावलीतला काळा दगड यांत हजारपट फरक सहज असतो.

हजारपट पसरलेलं जग तीसपटीच्या जागेत बसवायचं, म्हणजे काहीतरी सोडावं लागणार. काय सोडायचं हे कलाकार ठरवतो. सावलीतला तपशील काळ्यात बुडवायचा, की उन्हातला पांढऱ्यात विरघळू द्यायचा? दोन्ही राखले तर मधल्या छटा एकमेकींत मिसळून चित्र मळकट होतं. नवशिक्यांच्या बहुतेक कृष्णधवल कामांत हीच अडचण दिसते. सगळंच राखाडी, कारण काहीच सोडायला मन धजावत नाही.

मधल्या राखाडीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. अंगावर पडलेल्या उजेडापैकी निम्मा परत पाठवणारा राखाडी आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्ये वाटेल, असा अंदाज असतो. प्रत्यक्षात तो बराच फिका दिसतो. डोळ्याला मधला वाटणारा राखाडी जेमतेम १८ टक्के उजेड परत पाठवतो. म्हणजे गडद बाजूचे अगदी बारीक फरकसुद्धा आपल्याला कळतात, उजळ बाजूचे तितके कळत नाहीत. चांगल्या छापचित्रातल्या काळ्यात आपण रेंगाळतो ते यामुळेच.

शेजाराचा परिणाम किती मोठा असतो, हे एका तक्रारीतून पुढे आलं. मिशेल शव्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे आणि पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळ्या सुताचा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात काही खोट नव्हती. काळ्याला लागून विणलेल्या दुसऱ्या रंगांमुळे तो फिका भासत होता. या निरीक्षणातून त्याने १८३९ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकारांनी तो पुढे कित्येक दशकं वाचला.

कोळसा आणि कागदाची खरबरीत पाठ

शव्रलच्या या वाचकांत फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा होता. ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेल्या चित्रांसाठी तो प्रसिद्ध आहे, पण १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने कॉन्टे क्रेयॉन या काळ्या खडूच्या कांडीने केलेली रेखाटनं मला त्या रंगीत चित्रांपेक्षाही मोठी वाटतात. तो खरबरीत, उंचसखल पोताचा कागद घ्यायचा. त्यावर काळी कांडी हलक्या हाताने फिरवली की रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खळगे कोरेच राहतात. जोर वाढवला की खळगेही भरत जातात. म्हणजे सराच्या चित्रात राखाडी नावाचा पदार्थच नाही. आहे तो काळा आणि कोरा कागद, दोन्ही इतके बारीक की डोळा त्यांची मिसळ करून राखाडी वाचतो.

या रेखाटनांत बाह्यरेषा जवळजवळ नसते. माणूस दिसतो, कारण त्याच्या मागची भिंत त्याच्यापेक्षा उजळ किंवा गडद आहे. जवळून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. उजळ खांद्याला लागून असलेली भिंत तेवढ्याच जागी थोडी गडद केलेली असते आणि गडद पाठीला लागून असलेली भिंत थोडी उजळ. खऱ्या भिंतीवर असं काही नसतं. डोळा कडेपाशी जो फरक स्वतः वाढवून पाहतो, तोच सराने हाताने वाढवून ठेवला आहे. त्यामुळे कागदाचा मर्यादित पांढरा उजळून निघाल्यासारखा भासतो.

शाईचा रस्ता वेगळा. बोरूला किंवा निबला फिकट काळा माहीतच नाही. रेघ उमटते ती पूर्ण काळी. मग छटा हवी असेल तर रेघा जवळजवळ ओढायच्या, त्यांवर आडव्या ओढायच्या, दाट विणायच्या. इथेही हिशोब तोच, ठराविक जागेत काळं किती आणि कोरं किती. ब्रशने शाईत पाणी घालून फिकट धुवण मारता येते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तीसुद्धा विरळ पसरलेले काजळीचे कणच असते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात झैनुल अबेदिन यांनी काळी शाई, ब्रश आणि साधा कागद घेऊन भुकेल्या माणसांची रेखाटनं केली. तिथे छटांना फारशी जागाच नाही. बरगड्या, कावळे, रिकामी भांडी, आणि बाकी कोरा कागद. त्या कोऱ्या कागदाला आधार म्हणून जमीनसुद्धा क्वचितच काढली आहे. मला वाटतं, रंग असते तर ही चित्रं इतकी अंगावर आली नसती.

छापचित्र: इथे प्रत्येक घाव उजेडाचा

रेखाटनात आपण पांढऱ्यावर काळं चढवत जातो. लाकूड किंवा लिनोलियम कोरताना सगळं उलटं होतं. ठोकळ्याच्या सपाट पृष्ठभागाला रोलरने शाई लागते आणि कोरलेला खोलगट भाग कोराच राहतो. म्हणजे काहीही न कोरता छाप घेतली तर पूर्ण काळा चौकोन मिळतो, आणि पटाशीचा प्रत्येक घाव त्या अंधारात थोडा उजेड सोडतो. शिवाय चित्र डावं-उजवं उलटं उमटतं, त्यामुळे अक्षरं कोरायची तर उलटी कोरावी लागतात.

जुन्या युरोपीय वुडकटमध्ये, म्हणजे लाकडावर कोरलेल्या छापचित्रांत मात्र ही सोय फारशी वापरलेली नाही. आल्ब्रेख्त ड्यूररची अपोकॅलिप्स ही १४९८ ची मालिका पाहा. ती पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांनी काढलेल्या चित्रासारखी दिसते. पण अशी एक काळी रेघ उभी ठेवायला तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढावं लागतं. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असेल तर मधला एकेक बारीक चौकोन वेगळा टोकरावा लागतो. केवढी ही मेहनत! इंग्लंडमध्ये टॉमस ब्यूइकने अठराव्या शतकाच्या अखेरीस विचार फिरवला. त्याने बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडाचा आडवा कापलेला तुकडा घेतला आणि बारीक अणकुचीदार हत्याराने त्यावर सरळ पांढरी रेघ काढली. १७९० मधल्या त्याच्या चतुष्पाद प्राण्यांच्या ग्रंथातले आणि १७९७ पासूनच्या पक्ष्यांच्या ग्रंथातले पिसारे आणि केस म्हणजे काळ्यातून काढलेल्या पांढऱ्या रेघा आहेत. हत्याराला जे सहज जमतं तेच चित्राला करू दिलं.

आणि मग फेलिक्स व्हालोटाँ. १८९८ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दहा वुडकटच्या मालिकेत बंद खोल्यांमधली स्त्री-पुरुषांची नाती आहेत. त्यातल्या ‘पैसा’ या चित्रापाशी थोडं थांबू. डावीकडे खिडकीपाशी पांढऱ्या पोशाखातली बाई, नजर बाहेर. तिच्याकडे झुकून काही पटवणारा माणूस काळ्या कोटात. कोट कुठे संपतो आणि खोलीचा अंधार कुठे सुरू होतो हे कळत नाही, कारण दोन्ही एकच काळे आहेत. चित्राचा उजवीकडचा अर्ध्याहून मोठा भाग नुसता काळा आहे. कोटाची कड दाखवायला व्हालोटाँला एक पांढरी रेघ पुरली असती. ती त्याने कोरली नाही. त्यामुळे त्या माणसाच्या मागे अख्खी खोली उभी आहे असं वाटतं, आणि बाई काठाशी रेटली गेल्यासारखी.

दोन गडद गोष्टी एकमेकींत मिसळू द्यायच्या की त्यांच्यामध्ये पांढरी कड ठेवायची, हा कृष्णधवल कामातला माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय आहे. केथे कोल्विट्झने १९२२-२३ च्या युद्धावरच्या सात वुडकटमध्ये तोच घेतला. तिचा धाकटा मुलगा १९१४ मध्ये युद्धात मारला गेला होता. मालिकेतल्या ‘आईबाप’ या चित्रात गुडघ्यांवर कोसळलेले दोघं एकमेकांना धरून आहेत. चेहरे झाकलेले, दोन शरीरांचा मिळून एकच काळा डोंगर, त्यावर थोडे खरबरीत पांढरे ओरखडे. शोक कोणाचा किती हे वेगळं काढताच येत नाही.

पत्र्यावरचं काम पुन्हा वेगळं. एचिंगमध्ये तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने रेघ खोल जाते. संपूर्ण पत्र्याला शाई चोळून वरची पुसून काढतात. खाचेत उरलेली शाई ओलसर कागद दाबाखाली शोषून घेतो. इथे काळेपणा वेळेवर ठरतो. आम्लात पत्रा जास्त वेळ राहिला की खाच खोल, शाई जास्त, रेघ गडद. ड्रायपॉइंटमध्ये आम्ल नाही, सुईने सरळ पत्रा ओरखडायचा. ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कड उचलली जाते, ती शाई धरून ठेवते आणि रेघेला मखमली, पसरट काळेपणा येतो. ही कड दाबाने लवकर झिजते, म्हणून चांगल्या प्रती मोजक्याच निघतात. रेम्ब्रांटने १६५३ मध्ये ‘तीन क्रूस’ हा पत्रा असाच केला. पुढे त्याच पत्र्यावर त्याने बरंच खरवडलं आणि वरून जोरकस उभ्या-तिरक्या रेघा मारल्या. आधीच्या छापांत स्पष्ट दिसणारी गर्दी नंतरच्या छापात अंधाराने गिळली आहे. पत्रा एकच, घटना एकच. किती काळं ठेवायचं याचा विचार तेवढा बदलला.

सपाट राखाडी हवा असेल तर ॲक्वाटिंट. पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून तापवतात. कण चिकटतात आणि आम्ल कणांच्या मधल्या जागाच खातं. जिथे पांढरं ठेवायचं तिथे आधीच वॉर्निश लावायचं, मग पत्रा थोडा वेळ आम्लात, पुन्हा वॉर्निश, पुन्हा आम्ल. सगळ्यात उजळ जागा आधी ठरवावी लागते, हे इथे अगदी हाताला कळतं. गोयाच्या १७९९ च्या ‘काप्रिचोस’मधल्या ८० चित्रांच्या मागचे ते जड, सपाट अंधार याच राळेतून आलेले आहेत. मेझोटिंटमध्ये तर दातेरी हत्याराने आधी सगळा पत्रा खरबरीत करून घ्यायचा, म्हणजे तो पूर्ण काळा छापेल, आणि मग घासून घासून उजेड बाहेर काढायचा. कागदावर कोळसा फासून खोडरबरने चित्र काढलं असेल, तर हे लगेच लक्षात येईल.

शिलामुद्रणाला इथे एकच वाक्य देतो: तेलकट खडूने दगडावर काढलेलं चित्र पाणी झटकतं आणि शाई धरतं, त्यामुळे खडूची नाजूक छटा जशीच्या तशी छापता येते. आणि छापलेल्या पुस्तकातला कृष्णधवल फोटो भिंगातून पाहिला तर लहानमोठे काळे ठिपके दिसतात. ब्यूइकच्या रेघा आणि हे ठिपके यांचं काम एकच.

फोटो: उजेडच काळं करतो

फोटोग्राफीत उजेडाची भूमिका सुरुवातीला गोंधळात टाकते. फिल्मवर चांदीच्या ब्रोमाइडसारख्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. उजेड पडलेल्या स्फटिकांत नजरेला न दिसणारा बदल होतो. डेव्हलपर हे रसायन त्या स्फटिकांचं शुद्ध चांदीत रूपांतर करतो, आणि इतक्या बारीक कणांतली चांदी चमकत नाही, काळी दिसते. म्हणून आकाश निगेटिव्हमध्ये काळं येतं आणि सावली पारदर्शक. कागदावर पुन्हा उजेड टाकला की सगळं सुलटं होतं. उरलेले क्षार काढून टाकले नाहीत तर चित्र उजेडात काळवंडत जातं; त्यासाठी सोडियम थायोसल्फेट म्हणजे हायपो वापरावा, हे जॉन हर्शेलने १८३९ मध्ये दाखवून दिलं. तो आजही डार्करूममध्ये लागतो. आणि हो, फोटोतला मुलायम राखाडीसुद्धा खूप मोठा करून पाहिला तर काळ्या कणांचा आणि मोकळ्या जागेचाच असतो.

सुरुवातीच्या प्लेट निळ्या रंगालाच जास्त दाद द्यायच्या, लाल त्यांना जवळजवळ दिसतच नसे. म्हणून जुन्या फोटोंतलं आकाश कोरं पांढरं असतं. ग्युस्ताव ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्राचे फोटो काढताना यावर उपाय केला. समुद्राची एक निगेटिव्ह, ढगांची दुसरी, दोन्ही एकाच कागदावर छापायच्या. सगळ्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आल्या आणि मग कोणता रंग किती गडद करायचा हे फोटोग्राफरच्या हाती आलं.

लाल गुलाब आणि त्याची हिरवी पानं घ्या. रंगीत पाहिलं तर दोन्ही एकदम वेगळी. कृष्णधवल केलं तर दोघांचा राखाडी जवळजवळ सारखाच येऊ शकतो आणि फूल पानांत हरवतं. भिंगापुढे लाल फिल्टर लावला तर लाल उजेड आत येतो, हिरवा अडतो, म्हणजे फूल उजळ आणि पानं गडद. हिरवा फिल्टर लावला तर बरोबर उलटं. दोन्ही फोटो तितकेच खरे. आकाशाचंही तसंच. १० एप्रिल १९२७ रोजी फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स अमेरिकेतल्या योसेमिटीमधल्या हाफ डोम या कड्यासमोर उभा होता आणि त्याच्याकडे मोजक्या प्लेट उरल्या होत्या. पिवळ्या फिल्टरने एक फोटो काढल्यावर त्याला जाणवलं की आपल्या मनात कडा जितका प्रचंड आहे तितका तो यात येणार नाही. मग गडद लाल फिल्टर लावून त्याने दुसरा काढला. निळं आकाश काळपट झालं आणि कडा त्यातून पुढे आला. पुढे फ्रेड आर्चरच्या साथीने त्याने काळ्या ते पांढऱ्यापर्यंतच्या छटांची झोन पद्धत बांधली. तिचं सार साधं आहे: समोरचा कोणता भाग छापात किती गडद दिसायला हवा हे बटण दाबण्याआधी ठरवा, आणि मोजमाप त्याप्रमाणे करा.

हे ठरवलं नाही तर कॅमेरा ठरवतो. त्याचा मीटर समोरचं सगळं मधला राखाडीच आहे असं धरून चालतो. म्हणून बर्फ राखाडी येतो आणि काळं मांजरही राखाडी येतं. बर्फासाठी एक्स्पोजर वाढवावं लागतं, मांजरासाठी कमी करावं लागतं.

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात रंग कळत नाही. त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा बारीक फिल्टर बसवलेला असतो आणि रंग नंतर हिशोबाने तयार होतो. त्यामुळे रंगीत फोटोचा कृष्णधवल करताना या तिघांचं प्रमाण आपल्याला बदलता येतं. एका प्रचलित सूत्रात हिरव्याला ५९, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन आहे, कारण डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ भासतो. रंगच काढून टाकणारं एका क्लिकचं बटण मी कधी सुचवत नाही. त्यात हा सगळा निर्णय आपण सोडून देतो. लाल, हिरवा आणि निळा यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या सरकवून पाहा, त्वचा, पानं आणि आकाश कसं बदलतं ते दिसेल.

स्वतः करून पाहायचं असेल तर एकच विषय तिन्ही माध्यमांत घ्या. खिडकीपाशी बसलेला माणूस उत्तम. आधी डोळे अर्धवट मिटून बघा. तपशील जातो आणि उजेडाचे मोठे तुकडे तेवढे उरतात. फोटो काढा. मग जाड कोळशाने कागदाच्या लहान तुकड्यावर तेच फक्त दोन छटांत मांडा, राखाडीला मज्जाव. कोणता गडद भाग कोणत्या गडदाला जोडला जातोय ते इथे ठरेल. तो आराखडा लिनोवर उलटा उतरवा आणि पांढरं ठेवायचं तेवढंच कोरा. शाई काचेवर पातळ लाटून घ्या. रोलर फिरवताना येणारा बारीक सरसर आवाज म्हणजे ती बरोबर आहे. ओलसर, चपचप आवाज आला तर शाई जास्त आहे आणि तुमच्या बारीक पांढऱ्या रेघा बुजणार. कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. पहिला छाप घेताना कागद एकदम उचलू नका. एक कड धरून अर्धाच वर करा, काळा नीट भरलाय का ते बघा, आणि फिका वाटला तर कागद परत टेकवून तेवढाच भाग पुन्हा घासा.